रंगरावांचं निशाण

बैलगाडी शर्यतीवर बंदी आली तेव्हा रंगराव भर चौकात ओरडले होते, "कायदा चुकीचा हाय! पण कायदा हाय." लेकरासारखा वाढवलेला आपला पळाऊ बैल, सोन्या, त्यांनी आजऱ्याकडं भातशेतीच्या चिखलात नांगर ओढायला विकून टाकला. गाव काय, हसायला टपलेलंच! शेजारचा विजयसिंह आडरानात चोरून गाड्या पळवत राहिला. अंगावर केसेस झाल्या तरी हटला नाही.

पुढं बंदी उठली, केसेसही गेल्या. शर्यत जिवंत ठेवली म्हणून गावानं विजयसिंहाला फेटा बांधला. सोन्या तोवर नांगर ओढून ओढून मेला होता. रंगरावांना शर्यतीचं पंच केलं; का, तर त्यांच्यावर एकही केस नव्हती.

परवा हुपरीजवळच्या माळावर शर्यत होती. बैलाला मारायचं नाही, इजा करायची नाही, हा आताचा नियम रंगरावांना मनापासून पटलेला. शेवटाला विजयसिंहाची गाडी मागं पडली. तो वाकला, बैलाची शेपटी दातांत धरली आणि करकचून चावला. बैल जिवाच्या आकांतानं उधळला, गाडी पहिली आली. रंगराव अगदी जवळ उभे होते. सगळं दिसलं.

"आण्णा, निशाण दाखवा की!" लोक ओरडले.

रंगरावांनी निशाणाचा हात वर केला. विजयसिंहाच्या नावानं गुलाल उधळला.

घरी ताट वाढताना त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी विचारलं, "समदं नियमानं झालं न्हवं?"

"व्हय," रंगराव म्हणाले, आणि रोजच्यासारखे पोटभर जेवले.