बिनबियांची फांदी

मोसंबीच्या सालीचा कडवट वास बोटांना लागला की पाचोडची आमची बाग आठवते आणि डोकं तापतं. मी तेव्हा शहरात बीएस्सी करत होते. सुट्टीत घरी गेले, तर एका झाडाच्या एकाच फांदीची मोसंबी निराळी निघाली; गोड, रसाळ आणि आत एकही बी नाही. सगळी बाग एकाच जुन्या झाडाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, रोपांवर बांधून वाढवलेली, म्हणून फळ सगळीकडं सारखंच. आणि इथं एका डोळ्यातल्या जनुकात आपसूक बदल झाला होता! बीच नाही, म्हणजे ही जात टिकवायची तर त्याच फांदीचे डोळे दुसऱ्या रोपांवर बांधायला हवेत. "फांदीला हात लावू नका," असं बाग सांभाळणाऱ्या काकांना बजावून मी कॉलेजात सरांना विचारायला गेले. पुढच्या रविवारी एसटीनं परतले, तर झाडावर नुसता खुंट. "फांदी कुठंय?" "चुलीत गेली की," काका म्हणाले. "बी धरत नाय म्हंजी वांझ ती. वांझ फांदी बागंत कशाला ठिवायची?" "अहो काका, असा बदल पुन्हा होतो का कधी!" मी ओरडले. काकूला मूल नव्हतं. चुलीपुढं भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "गोड व्हती पर ती," एवढंच ती म्हणाली. काका पायताण घालून बाहेर गेले. आजही मी बाजारातून मोसंबी आणते, आणि पहिल्याच फोडीत दाताखाली कचकन बी येते.