पहिली ते दहावीच्या दोऱ्या

ही वही कधी कुणाच्या हाती पडलीच, तर माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला हसू नका. अक्षरही वाकडं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून सहीपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. पण एक गोष्ट मला तोंडाने कुणालाच सांगता आली नाही, म्हणून लिहिते आहे.

पनवेलला बाजाराच्या मागे शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना आहे. तिथे मी एकोणीस वर्षं काम करते. काज-बटणापासून सुरुवात केली, मग मशीनवर बसले, आणि जुन्या कटिंग मास्तरांची नजर कमी झाल्यावर कात्री माझ्या हातात आली. टेपवरचे पाव आणि पाऊण इंच माझ्या डोक्यात कधी नीट बसले नाहीत. म्हणून मी नाडीच्या दोऱ्या केल्या. प्रत्येक इयत्तेची एक. पहिली गाठ बाहीची, दुसरी छातीची, तिसरी उंचीची. पहिली ते दहावी, दहा दोऱ्या खिळ्याला टांगलेल्या. बाह्यांच्या मधल्या जागेत मी कॉलर अशी बसवायचे की एका ताग्यात एखादा शर्ट जास्त निघायचा. मालक म्हणायचे, "बाई, तुम्ही कापड ताणता की काय?"

मास्तर गावी गेले आणि जागा रिकामी झाली. मालकांनी मला बोलावलं. "जागा तुमचीच आहे. पण मोठ्या शाळांची ऑर्डर घेताना कागद मागतात, मास्तर सर्टिफिकेटवाला लागतो. न शिकलेल्या कारागिरांचीही परीक्षा असते आता. तेवढी देऊन टाका."

मी मान हलवली. आठ दिवसांचा वर्ग आणि परीक्षा मिळून चार हजार फी होती. ह्यांना सांगितलं नाही. नापास झाले असते तर घरात थट्टा झाली असती. माझी नणंद समुद्रकाठी करंजा गावात सुकी मासळी विकते. तिच्याकडे गेले. तिने कमरेच्या बटव्यातून पैसे काढले.

"आगो वयनी, नव्या पोरींना तूच शिकवतेस न् परीक्षेला घाबरतेस? जा, मास्तरीन हो. मंग माजी चोली फुकट शिव."

परीक्षेला कापायचं काम सगळ्यात आधी माझं झालं. परीक्षकांनी टेबलाखाली वाकून चिंध्या उचलल्या. त्यांच्या एका मुठीत मावल्या. "एवढ्याच? ताई, तुम्हाला आम्ही काय शिकवणार!"

मला फार बरं वाटलं. मग त्यांनी सगळ्यांना एकेक पान दिलं. आपल्या कामाची माहिती, स्वतःच्या हाताने लिहायची. शेजारच्या बाईचं पेन भरभर चालू झालं. मी लिहिलं, "मी कापड कापते." पुढे सुचेना. जे सुचलं ते कसं लिहायचं कळेना. शेजारणीने सहज माझ्याकडे बघितलं आणि मी पदराने पान झाकलं. "पाणी पिऊन येते," म्हणून उठले आणि सरळ एसटी स्टँडवर आले. पान माझ्या पिशवीतच राहिलं.

नणंदेला फोनवर सांगितलं, नापास झाले. ती भडकली. "मेल्यांना कापडातला काय कलतंय! इकरं आन त्यांना, बोंबलाच्या जोडीला सुकत घालते!" मालकांनाही नापासच सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे," आणि दोन महिन्यांनी एक बारावी झालेली मुलगी मास्तर म्हणून आणली.

मुलगी चांगली आहे. मला काकी म्हणते. पहिल्या आठवड्यात तिने कापायच्या कापडावर कॉलर उलटी मांडली होती, ती मी कुणी बघायच्या आत फिरवून ठेवली. तिने माझ्या दोऱ्या एकेक टेपला लावून मोजल्या, सुंदर अक्षरात तक्ता केला आणि भिंतीवर चिकटवला. आता सगळ्या जणी तक्ता बघून कापतात. दोऱ्या खिळ्यालाच आहेत.

एकदा डबा खाताना ती म्हणाली, "काकी, तुम्ही ती परीक्षा का नाही देत? मीपण तीच दिली."

"त्यात लिहायचं असतं ना."

"ते पान? ते कुणी वाचतसुद्धा नाही हो! नुसतं फाईलला लावतात. माझ्या बाजूच्या बाईने दोनच ओळी लिहिल्या, ती पण पास झाली."

माझी एक ओळ लिहून झाली होती. हातातला घास तसाच राहिला. ती विचारत होती, "काय झालं, तिखट लागलं का?"

आता परीक्षा दिली तरी ती जागा भरलेली आहे. आणि त्या मुलीचं काही वाईट व्हावं असं मला वाटत नाही.

नणंदेचे पैसे पाचशे-पाचशे करून देत होते. गेल्या रविवारी ती मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात बसली होती. ठरवून गेले होते, शेवटचे पाचशे देताना खरं सांगायचं.

"परत दे ती परीक्षा," ती म्हणाली. "पैसं मी देते. तुज्यावर आन्याय केलाय त्यांनी."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात एक गिऱ्हाईक सुकटीचा भाव विचारायला आलं. ते जाईपर्यंत मी उभी राहिले. ते गेलं.

"काय गो, कायतरी बोलत व्हतीस?"

"मोजून घ्या, ताई."

"एका नोटंला मोजायचं काय त्याच्यात?" ती हसली आणि नोट बटव्यात टाकली. चार हजार पूर्ण झाले.