बकऱ्याची ओळ

कचेरीत त्याला सगळे तंतोतंत म्हणायचे. पाठीमागेच म्हणायचे असंही नाही. निम्मे लोक विसरून तोंडावर म्हणून जायचे आणि त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. काहीही दाखवा, "ते ठीक आहे हो, पण तंतोतंत जुळतंय का?" हे त्याच्या तोंडून आलंच म्हणून समजा. काल कप जिथे ठेवला तिथेच आज ठेवणारा माणूस. बायको मात्र त्याला या नावानं कधी हाक मारत नसे. ते नाव कचेरीचं, आणि कचेरी तिनं केव्हाच सोडली होती.

कचेरी शहराच्या बससेवेची. खाली आगार, वर कचेरी. खाली गाडी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची. खिडकी उघडली की धूर आत यायचा, बंद केली की जीव गुदमरायचा. कोपऱ्यातल्या खोलीत प्रोग्रामर बसत. बसथांब्यावर वेळापत्रकाचा फलक असतो ना, कुठली बस, कुठे कुठे थांबणार, किती वाजता, तो या खोलीतून तयार व्हायचा. कारकून एकेका मार्गाची फाइल टाइप करून द्यायचे. मग चाळणी नावाचा एक छोटासा प्रोग्राम ती फाइल एका बाजूनं गिळायचा, नको ते गाळायचा, ओळी नीट लावायचा आणि दुसऱ्या बाजूनं छापण्याजोगा फलक बाहेर टाकायचा. दिसायला काही नाही, पण ती एक दिवस बंद पडली असती तर सगळं शहर थांब्यावर उभं राहून शिव्या घालत बसलं असतं.

ही चाळणी लिहिली होती त्याच्या बायकोनं.

तेव्हा दोघं शेजारशेजारच्या टेबलांवर बसत. तिच्याआधी एका वयस्कर गृहस्थांनी केलेला प्रोग्राम होता. तो बघून तिनं नाक मुरडलं आणि त्या काळी नव्या असलेल्या भाषेत, गुणगुणत, हां हां म्हणता दुसरा लिहून टाकला. ते गृहस्थ कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. त्या खोलीची ही खोडच होती. नवा आलेला प्रत्येक जण जुनं काम बघून कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचा, हे कुणी लिहिलंय, मी आठवड्यात नव्या भाषेत करून देतो. आठवड्याचं वर्ष व्हायचं, तोवर ती नवी भाषाच शिळी व्हायची आणि दुसरा कुणीतरी नाक मुरडत दारात हजर. एक गृहस्थ तर इतक्या भाषा बदलायचे की त्यांचं नाव गरमागरम पडलं होतं. त्यांनी आयुष्यात एकही काम तडीस नेलं नाही, पण सुरुवात अशी झोकात करायचे की बघत राहावं.

चाळणी सुरू झाली आणि लगेचच तंतोतंतची आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली. खुबा मोडला. बायकोनं रजा घेतली, मग वाढवली, मग आणखी वाढवली, आणि मग राजीनामा दिला. नोकरी कुणी सोडायची यावर घरात चर्चा झालीच नाही. झाली असती तर निदान एक भांडण तरी झालं असतं. सून घरी राहिली, मुलगा कचेरीत गेला आणि किती सोपं झालं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सगळ्यांनी म्हणजे तिला सोडून, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. सासूबाई पुढे बरीच वर्षं अंथरुणात जगल्या.

इकडे कचेरीत चाळणी बिनबोभाट चालत राहिली. पाहुणे आले की त्यांना सांगायचे, "ही ह्यांच्या मिसेसनी केलेली बरं का." तंतोतंत हसायचा आणि आतल्या आत जळायचा. लपवून काय करायचं, जळायचाच. इतकी वर्षं त्या खुर्चीत घासली आणि आपल्या हातचं चालतंय असं एकही काम नाही. कुणाचं तरी मोडलेलं जोडायचं, कुणाचं तरी जुळतंय का बघायचं. त्यानं मनाशी ठरवलं, चाळणी आपण नव्यानं लिहायची. निवृत्तीच्या आधी एक तरी काम आपल्या नावावर लागलं पाहिजे. कारणही तयार होतं: त्या जुन्या भाषेत आता कुणी लिहीत नाही, उद्या बिघडली तर दुरुस्त कोण करणार?

त्यानं एका नव्या भाषेत सुरुवात केली. निम्म्यावर आला तोवर त्या भाषेला कुणी विचारेना. त्यानं सगळं पुसलं आणि दुसऱ्या भाषेत पहिल्यापासून मांडलं. गरमागरम गेले, मोठे साहेब जाऊन मोठ्या बाई आल्या, याच्या डोक्यावरचे केस गेले, आणि हा आपला चिकटून बसलेला. जुन्या चाळणीत एक फाइल घालायची, नव्या चाळणीत तीच घालायची, दोन्हीतून आलेलं शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून बघायचं. फायली त्यानं स्वतःच्याच बनवल्या होत्या, कारण कारकुनांच्या खोलीत तो कधी फिरकत नसे. तिथे फार आरडाओरडा असतो असं त्याचं म्हणणं.

ताडून बघताना त्याला एक गोष्ट सापडली. जुनी चाळणी फाइलीची शेवटची ओळ गिळून टाकायची. मार्गाचा शेवटचा थांबा गायबच. त्याला जाम आनंद झाला. बायकोच्या कामात चूक सापडली म्हणून झाला की आपण ती सुधारणार म्हणून, हे त्याचं त्यालाच ठाऊक. जन्मभर तंतोतंत म्हणत आलेल्या माणसानं एवढ्या एका जागी आपल्या मनाचं केलं. नव्या चाळणीत शेवटची ओळ त्यानं वाचवली.

निवृत्तीचं वर्ष उजाडलं. त्यानं मोठ्या बाईंच्या मागे भुणभुण लावली आणि शेवटी त्यांनी एका आगाराचे फलक नव्या चाळणीतून काढायला परवानगी दिली. फलक लागले, आणि दुपारपर्यंत कचेरीतले फोन खणखणायला लागले. प्रत्येक मार्गाच्या शेवटी, शेवटच्या थांब्याच्याही खाली, ठळक अक्षरांत एक नवा थांबा आला होता: बकरा.

झालं होतं असं. चाळणी शेवटची ओळ खाते हे कारकुनांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तक्रार करून तोंड दुखवण्यापेक्षा त्यांनी आपला उपाय काढला. फाइलीच्या शेवटी एक फालतू ओळ टाइप करायची, ती चाळणीच्या तोंडी द्यायची, म्हणजे खरा थांबा वाचतो. तिला ते बळीचा बकरा म्हणायचे, आणि लिहायचेही तेच, बकरा. इतकी वर्षं सगळ्या आगारांत हजारो बकरे निमूटपणे मेले. तंतोतंतच्या चाळणीनं त्यांना जीवदान दिलं.

लोक ड्रायव्हरला विचारत होते, "बकऱ्याला जाते का?" एका ड्रायव्हरनं म्हणे सांगितलं, "रोज सकाळी कामावर येतो तो तिथेच येतो." कारकून पोट धरून हसले. तंतोतंत मान खाली घालून आपल्या जागेवर बसून राहिला, आणि त्याला डोळ्यांसमोर सगळी वर्षं पाण्यात जाताना दिसली.

घरी बायको वाटाणे सोलत होती. त्यानं सांगितलं, तशी ती हसत सुटली. इतकी हसली की शेंगा मांडीवरून खाली सांडल्या. कितीतरी वर्षांत त्यानं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"माझीच चूक ती," ती डोळे पुसत म्हणाली. "मला सापडली होती. सोमवारी जाऊन नीट करते म्हणून शनिवारी घरी आले, आणि रविवारी आई पडल्या."

"मग नंतर सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? रजेवरच्या बाईनं कळवायचं की माझं काम चुकलंय? वाटलं, आज जाईन, उद्या जाईन. मग लाज वाटायला लागली. आईंची कूस बदलताना सुद्धा मध्येच आठवायचं, ती एक ओळ राहिली." ती वाकून शेंगा गोळा करायला लागली. "पण तू केलीस ना नीट? तुझ्यात शेवटची ओळ येते ना?"

"येते."

"बरं झालं बाई. माझं नाही तर नाही, तुझ्यात तरी नीट आहे. राहू दे तशीच."

त्या संध्याकाळी ती गुणगुणत होती. तंतोतंत ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत, त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "हे बघा, जुन्यातून येतं तेच नव्यातून आलं पाहिजे. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? तुमच्याकडे अजून एक संधी आहे, त्यानंतर हा विषय बंद."

"मॅडम, ती चूक आहे. फायलींतले बकरे काढून टाकले तर..."

"सगळ्या आगारांतल्या सगळ्या फायलींतून कोण काढणार? आणि एखादा कारकून सवयीनं टाकतच राहिला तर पुन्हा आपलं हसं."

तो जागेवर येऊन बसला. प्रोग्रामातली ती शेवटच्या ओळीची जागा त्याला पाठ होती, दोन शब्द बदलायचे होते. चहा थंड झाला. खाली एक गाडी बराच वेळ घुरघुरत उभी होती, ती गेली. बायकोचा हसरा चेहरा डोळ्यासमोर येत होता, आणि निवृत्तीचा दिवसही. त्यानं दोन शब्द बदलले. नवी चाळणी शेवटची ओळ खायला लागली. घरी त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. म्हटलं, एकदा चाळणी लागू दे, मग सावकाश सांगू, तीही समजून घेईल.

मग त्यानं जिवाचं रान केलं. या वेळी कारकुनांच्या खोलीत जाऊन खऱ्या फायली आणल्या, प्रत्येक आगाराच्या. जुन्यात घाल, नव्यात घाल, ताडून बघ. बाराही महिने सर्दी असल्यासारखे लाल डोळे घेऊन तो मोठ्या बाईंच्या खोलीत गेला तेव्हा त्याच्या हातात एकच कोरा कागद होता. फरक सापडला तर त्यावर छापला जाणार होता. एकही सापडला नव्हता. आयुष्यात इतका देखणा कागद त्यानं पाहिला नव्हता.

खोलीत नुकतीच नोकरीला लागलेली प्रोग्रामर मुलगीही बसली होती.

मोठ्या बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे काहीच फरक नाही?"

"तंतोतंत आहे, मॅडम."

"वेग?"

"तेवढाच."

"मग बदलायचं कशाला?"

त्याला प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. मग तो भडाभडा बोलायला लागला. जुनी भाषा आता कुणाला येत नाही, उद्या काही बिघडलं तर हात कोण लावणार, मी तर आता जाणार.

"इतक्या वर्षांत बिघडली कधी?"

"नाही."

"आणि तुमच्या नव्या भाषेत उद्या हात कोण लावेल?" त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तुला येते का ही भाषा?"

मुलगी बिचारी चांगली होती, तिला याला दुखवायचं नव्हतं. "सर, ती आता कुणी शिकत नाही. माझ्या वेळी कॉलेजातही नव्हती." मग जरा सावरून घ्यावं म्हणून ती उत्साहानं म्हणाली, "पण मी सुरुवात केलीय ना, आता जी नवी आलीय तिच्यात. चाळणी काय, छोटीच आहे. आठवड्यात होईल."

मोठ्या बाईंनी कागद त्याच्याकडे परत दिला. "तुम्ही खूप मेहनत घेतलीत," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच मनापासून म्हणाल्या.

घरी आला तेव्हा बायकोनं दोन ताटं घेतली होती. आजचा दिवस तिला माहीत होता. "लागली?"

"नाही. जुनीच राहणार."

"का रे?"

"दोन्हींत काही फरक नाही म्हणाल्या."

ती वाढता वाढता थांबली. जुनी राहणार म्हणजे तिची राहणार. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. तिनं वाटी खाली ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं.

"फरक नाही कसा? शेवटची ओळ?"

तो खोटं बोलू शकला असता. त्याची चाळणी आता कधीच चालणार नव्हती, कुणी उघडून बघणार नव्हतं. त्याच्या त्या निरुपयोगी प्रोग्रामात तरी तिची ओळ नीट आहे असं म्हणायला त्याच्या बापाचं काय जात होतं? पण खोटं बोलायची सवय नव्हती.

"मी परत टाकली," तो म्हणाला. "ती चूक. तुझ्यासारखीच. त्याशिवाय घेणार नव्हत्या."

"कधी?"

"तू वाटाणे सोलत होतीस ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

मग वाटी उचलून तिनं त्याच्या ताटात वाढलं, आपल्या ताटात वाढलं आणि समोर बसली.

"तंतोतंत," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं त्याला या नावानं पहिल्यांदाच हाक मारली होती. मग दोघं जेवायला लागली.