इच्छेची क्रियापदं

माझं स्पॅनिश पक्कं होतं. फुशारकी वाटली तर वाटू दे. महाराजांच्या म्हैसुरात एका मिशनशाळेत मी मुलींना शिवण शिकवायची. तिथल्या म्हाताऱ्या स्पॅनिश सिस्टरची नजर गेली, तेव्हा त्यांच्या आईला पत्रं कोण लिहिणार, असा प्रश्न आला. मी म्हटलं, मी लिहीन. घरी सगळे हसले. कापड रंगवणाऱ्यांची लेक, इंग्रजीसुद्धा धड येत नाही, आणि निघाली स्पॅनिश लिहायला.

सिस्टरनी मला कन्नडातून शिकवलं. मला त्या ‘मगळे’ म्हणायच्या, म्हणजे मुली. पत्रात सगळ्या इच्छाच असायच्या, आणि इच्छा सांगताना क्रियापदाचं शेपूट बदलतं. ‘आर’वाल्याला ‘ए’ लागतो, ‘एर’ आणि ‘इर’वाल्यांना ‘आ’. आब्लार म्हणजे बोलणं, त्याचं आब्ले. कोमेर म्हणजे खाणं, त्याचं कोमा. एवढंच की हो, त्यात काय मोठंसं! चार दिवसांत मी घोकून टाकलं. मग पत्रांवर पत्रं लिहिली. तू नीट जेवावंस, पुष्कळ जगावंस, मला दोन ओळी लिहाव्यास. पण वर्ष झालं तरी आईकडून उत्तर नव्हतं. तिचं एक पत्र यावं, एवढीच सिस्टरना आस होती. फाटक वाजलं की त्यांच्या हातातली जपमाळ थांबायची.

एका दुपारी स्पेनचं पाकीट आलं. मी धावतच त्यांच्याकडे गेले. पाकिटाला चारी बाजूंनी रुंद काळा काठ होता. इतका सारखा काळा रंग साधणं किती अवघड, ते आमच्या घराला विचारावं.

“सिस्टर, काय सुरेख काळा काठ आहे,” मी म्हटलं. “आईंनी मुद्दाम निवडलेला दिसतोय.”

त्यांनी पाकीट हातात घेऊन चाचपलं. मग हळूच म्हणाल्या, आमच्याकडे घरात कुणी गेलं की तसला काठ लावतात. मला वाटलं, जीभ हासडून टाकावी.

पत्र त्यांच्या भावाचं होतं. आई गेली होती. मी अडखळत सगळं वाचून दाखवलं. सिस्टर माझ्यासमोर रडल्या नाहीत. त्यांनी मला भावाला उत्तर लिहायला कागद घ्यायला सांगितलं.

“देस्कान्सार. म्हणजे विसावणं,” त्या म्हणाल्या. “‘आर’वालं आहे, मगळे. ती विसावो, असं लिही.”

मी लिहिलं, देस्कान्से. अगदी बरोबर होतं. हे आपल्याला येत नसतं तर बरं झालं असतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.