दारावरच्या दोन थापा

दत्तू गेल्याची बातमी आली तेव्हा मी दत्तूचीच गोष्ट सांगत होतो. लोणावळ्याला आमच्या दुकानासमोरचं हॉटेल, पावसाने अडकलेली सहा-सात माणसं, भज्यांची दुसरी प्लेट, आणि मी खुर्चीवर उलटा बसून तिच्या पाठीचं स्टिअरिंग केलेलं. गोष्ट ऐन रंगात होती. शर्यतीत दत्तू सगळ्यांच्या पुढे आहे, मागून हॉर्न वाजतोय, आणि आता तो उजवा हात बाहेर काढणार... तेवढ्यात गॅरेजवाले लतीफमिस्त्री दारात आले. छत्री न मिटताच म्हणाले, "बस करो भाऊ. दत्तू गया." माझा हात खुर्चीबाहेर तसाच राहिला. एक जण हसलासुद्धा. त्याला वाटलं, हेही गोष्टीतलंच. त्याचा दोष नाही. पंधरा वर्षं मी ही गोष्ट सांगत होतो आणि दर खेपेला तिच्यात काहीतरी नवं घालत होतो.

आता ती एकदा, काही न घालता, लिहून काढतो. जमेल की नाही, सांगता येत नाही.

दत्तू लोणावळ्याजवळच्या औंढ्याचा. घरची भातखाचरं होती, पण त्याचं लक्ष बैलांच्या शेपटीपेक्षा हमरस्त्यावरच्या धुराकडे. सोळाव्या वर्षी तो ट्रकवर क्लीनर झाला. माझं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान लतीफमिस्त्रींच्या गॅरेजला लागून. तिथे तो फॅनबेल्ट घ्यायला पहिल्यांदा आला. उंच, काळा, आणि हात इतके लांब की काउंटरच्या पलीकडचा खोका त्याने स्वतःच काढून घेतला. मी म्हटलं, "अरे, दुकान माझं आहे." तो म्हणाला, "म्हाईत हाय भाऊ. तुमी बसा, मी घेतो." त्या दिवसापासून आमचं जमलं.

घाटाचा एक रिवाज सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. उतारावर मागून तुटक हॉर्न आला, तर मागच्याला घाई आहे. द्या वाटलं तर वाट. पण न थांबता सलग हॉर्न आला, तर मागच्याचे ब्रेक गेलेत. मग आरशात पाहायचं नाही, विचार करायचा नाही. गाडी डावीकडे डोंगराला घासत घ्यायची, उजवा हात बाहेर काढायचा आणि दारावर दोन थापा मारायच्या... जा, रस्ता मोकळा आहे. दत्तू हे ऐकून शिकला नव्हता. तो क्लीनर असताना खंडाळ्याच्या उतारावर त्यांच्याच ट्रकचे ब्रेक गेले. उस्तादाने, म्हणजे ट्रकच्या ड्रायव्हरने, हॉर्नवर तळवा ठेवला तो उचलला नाही. पुढे एक काळी मोटार होती. तिच्यातून एक हात बाहेर आला, दारावर दोनदा आपटला, आणि ट्रक तिच्या अंगावरून जावा तसा निघून खाली रस्त्याकडेच्या मातीच्या चढावात जाऊन थांबला. त्या हाताचा माणूस कोण, दत्तूला कधीच कळलं नाही. "बाईचा व्हता का बाप्याचा, ते बी न्हाई दिसलं," तो म्हणायचा.

हा प्रसंग मी माझ्या गोष्टीत कधीच सांगितला नाही. तो सांगितला असता तर शेवटी कोणी हसलं नसतं.

पुढे दत्तू लतीफमिस्त्रींकडे गाड्या शिकला. खंडाळ्याला मुंबईच्या एका शेटजींचा बंगला होता, आणि त्यांच्याकडे लाल रंगाची, दोन माणसांची, बिनछपराची गाडी. ती दुरुस्तीला आली की चालवून बघण्याचं काम दत्तूचं. एकदा शेटजी शेजारी बसले. वळवण धरणापर्यंत जाऊन आले आणि खाली उतरून बराच वेळ टोपी शोधत राहिले; ती डोक्यावरच होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी दत्तूला एका विलायती मासिकातलं चित्र दिलं. हेल्मेट काखेत धरून उभा असलेला कोणी अमेरिकन पोरगा, दत्तूच्याच वयाचा. शेटजींनी त्याची कहाणी सांगितली. आधी बापाच्या शेतावर मोडकी गाडी पळवली, मग दुसऱ्यांच्या गाड्या शर्यतीत पळवल्या, आणि मग एका कंपनीने बोलावून आपली गाडी दिली. तीन पायऱ्या. दत्तूने चित्र गॅरेजच्या भिंतीला चिकटवलं आणि मला म्हणाला, "भाऊ, पयली पायरी झाली माझी. आमच्याकडं मोडकी गाडी नव्हती, पर मोडका ट्रक व्हता."

दुसरी पायरी लवकरच आली. मुंबईजवळ एका जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती भरायच्या. शेटजींचं वय झालेलं, पोट स्टिअरिंगला लागायचं; त्यांनी दत्तूला बसवलं. तीन शर्यतींत तो एकदा तिसरा आला, दोनदा दुसरा. मग शेटजी म्हणाले, पुढची जिंकलास तर मद्रासकडच्या मोठ्या शर्यतीला नेतो, तिथे कंपन्यांची माणसं येतात. दत्तू त्या आठवड्यात जेवलाच नाही. त्याची बायको इंदू माझ्या दुकानात येऊन सांगून गेली, "भावजी, त्यांना सांगा, उपाशी माणसाला गाडी वळत न्हाई."

आम्ही सगळे शर्यत बघायला गेलो. ऊन, पिंपांच्या रांगा, गवताच्या पेंढ्या, टोप्या घातलेल्या बायका. शेवटच्या फेरीत दत्तू चांगला पुढे होता. त्याच्या मागे एक हिरवी गाडी. सरळ पट्टी संपून वळण येतं तिथे हिरव्या गाडीने हॉर्न धरला, तो सोडलाच नाही. आणि दत्तूने लाल गाडी डावीकडे पिंपांना घासत घेतली, लांब हात बाहेर काढला आणि दारावर दोन थापा मारल्या.

हिरवी गाडी गेली. पहिली आली. हॉर्न का धरला, हे त्या गाडीच्या मालकाला कोणी विचारलं नाही. बड्या घरचा होता.  महिन्याभरात शेटजींनी लाल गाडी विकली.

मी मात्र परतीच्या गाडीत कर्जत येईपर्यंत गोष्ट तयार केली होती. सगळा डबा हसत होता. कोपऱ्यात बसलेला दत्तूसुद्धा हसला, म्हणून मला वाटलं, चालतंय. गोष्टीत मी एक भर घातली. हिरव्या गाडीवाला दत्तूच्या बाजूने जाताना दात काढून हसला आणि त्याने मानेनेच 'थँक्यू' केलं. तिथे टाळी हमखास. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी भज्यांच्या गाड्यापाशी होतो. गलका ऐकून वळलो तेव्हा मला फक्त दत्तूचा हात दिसला.

चार-पाच वर्षांनी एक पाहुणे हॉटेलात आले. चांगला सूट, पायात पांढरे बूट. दोघे-तिघे म्हणाले, भाऊ, ती गोष्ट होऊन जाऊ द्या. मी खुर्ची उलटी केली. पाहुणे इतके हसले की त्यांना रुमालाने डोळे टिपावे लागले. जाताना माझा हात हातात घेऊन दाबला. मी दोन दिवस खुशीत होतो. मग लतीफमिस्त्री म्हणाले, "वो सूटवाला, मालूम है कौन था? नवी रेसची गाडी घेतली है उसने. दत्तू को लेने आया था." मी विचारलं, मग? "मग काय. वो बोला, हॉर्न पे रस्ता देनेवाला ड्रायव्हर नको." मिस्त्रींनी दत्तूला हे सांगितलं का, मी विचारलं नाही. दत्तूने त्यानंतर टॅक्सी घेतली. भिंतीवरचं चित्र त्याने काढलं नाही, पण पुढे त्याच्यावर कॅलेंडर लागलं.

पुण्याच्या दवाखान्यात मी त्याला शेवटचा भेटलो. कावीळ उलटली होती. ते हात चादरीवर कोणीतरी विसरून गेल्यासारखे पडले होते. मी नेहमीसारखी बडबड लावली. तो म्हणाला, "भाऊ, एक इचारू? खरं सांगायचं."

"विचार की."

"तो हिरव्या गाडीवाला हसत व्हता का ओ? मी रस्त्याकडं बघत व्हतो, मला न्हाई दिसलं. त्याचं ब्रेक खरंच गेलं असतील, तर मंग... मंग काय बी गेलं न्हाई माझं. पर तुमी सांगता तो हसत व्हता. तुमी बघितलं ना?"

घाटात त्याचा हात जसा विचाराच्या आधी बाहेर जायचा, तशी माझी जीभ गेली. पंधरा वर्षांची सवय. मी म्हटलं, "दात काढून."

"व्हय," तो म्हणाला. "वाटलंच व्हतं." आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं. बोललेलं मागे घ्यावं, तर हसत नव्हता, हेही मला ठाऊक नव्हतं. मला काहीच ठाऊक नव्हतं. बाहेर इंदू फळं कापत होती. म्हणाली, "बरं झालं तुमी आलात भावजी, तुमी आलात की ते हसत्यात."

त्यानंतर तो पाच दिवस होता. पाचही दिवस लोणावळ्याहून पुण्याला गाड्या जात होत्या.

आता टॅक्सी माझ्या दुकानासमोर उभी आहे. विकून द्या, असं इंदूने सांगितलंय. इंजिन ठणठणीत आहे. फक्त उजव्या दारावर, काचेच्या बरंच खाली वीतभर जागेत रंग उडालाय, आतला पत्रा दिसतो आणि तिथे तो किंचित खोलही गेलाय. माझा हात मी आत बसून बाहेर काढून पाहिला. त्या जागेपर्यंत पोचत नाही.

परवा कामशेतचा एक जण ती बघायला आला. गाडीभोवती फिरला, टायर दाबून पाहिले, मग त्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "हितला रंग कशानं गेला ओ?" त्याच्याबरोबर आणखी चार जण होते. पाऊस थांबला होता, कोणालाच घाई नव्हती, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "पावसानं."