नोरीनची डिकी

गेल्या वर्षी नोरीनचं गळ्याजवळचं हाड मोडलं, ते क्लाइव्हच्या प्रेमापोटी. गावच्या जत्रेत भंगारातल्या गाड्या एकमेकींवर आदळायचा सामना होतो; जिचं इंजिन शेवटपर्यंत चालू राहील ती जिंकली. इंजिन वाचावं म्हणून सगळे मागे मागे जात डिकीनेच धडकतात. बायकोला काही होऊ नये म्हणून या नवऱ्याने तिच्या डिकीत जाड लोखंडी खांब जोडले. खांबांना ओरखडाही आला नाही. सगळा दणका नोरीनला बसला.

शाळेच्या कँटीनमध्ये मुलांना मटणाचे पॅटिस वाढणारी ही बाई एरवी कुणाला "सरक" म्हणत नाही. यंदा मात्र तिने फर्मान काढलं, "खांब काप. डिकीला चुरगळू दे. तिला चुरगळायला जितका वेळ लागेल, तितका धक्का मला सावकाश बसेल."

"अगं, पत्रा टिकायचा नाही."

"लग्न पत्र्याशी केलंस का?"

यंदाच्या सामन्यात शेवटी ती आणि ड्यूक खाटीक उरले. ड्यूकची गाडी तिच्या दुप्पट जड. दोघं मैदानाच्या दोन टोकांकडून उलटे सुसाट सुटले. धडाका असा झाला की प्रेक्षकांच्या हातातली बिअर सांडली. नोरीनची डिकी मागची सीट गिळून थांबली, काचा उडाल्या, आणि ड्यूकच्या वजनाने तिला तशीच रेटत गवताच्या गठ्ठ्यांत नेऊन घातलं. इंजिन गचकलं. चषक ड्यूकचा झाला.

क्लाइव्ह चिखलातून धडपडत धावला. दार उघडेना. नोरीन खिडकीतून बाहेर आली आणि तोंडातली लाल माती थुंकली.

"अगं, काही शिल्लक आहे का?" त्याने विचारलं.

"मी."