मावशी खुर्चीवरून उठली नाही

कुठलीही वस्तू हातात आली की मावशी ती आधी उजेडाकडे धरायची. चहाचा पेला असो नाहीतर कुणाची नवी बांगडी. एक डोळा बारीक करून बघायची आणि म्हणायची, "तडा हाय." मग कितीही समजावा, त्या पेल्याला ती तोंड लावायची नाही.

सवय कामाची. पिंपरीतल्या आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात ती तपासणी खात्यात होती; तिथे सगळेच तिला मावशी म्हणायचे. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झालेली. सोळा बायका, दोन रांगा, समोर दिवे. बाटली उचलायची, दिव्यासमोर फिरवायची, तडा दिसला तर बाजूला ठेवायची. सकाळपासून सुटीच्या भोंग्यापर्यंत, उभ्याने. बसायला साधं स्टूल नव्हतं. "बसल्या की पेंगतात," असं सुपरवायझर म्हणायचा आणि आम्ही कचेरीतले हसायचो. त्या हसण्याची आज मला चीड येते.

मावशी पिंपळे गुरवहून चालत यायची. भोंगा झाला की दाराच्या पायरीवर बसून दोन्ही हातांनी पोटऱ्या दाबायची आणि मग घरची वाट धरायची. कारखान्यांच्या फाटकांशी अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील, आणि माझ्यासारखेच पुढे गेला असाल.

मी कामगार कल्याणाच्या कचेरीत कारकून होतो. नव्या मॅनेजरांनी एक दिवस बोलावून सांगितलं, "लोकांत एकोपा नाही. खेळांचा दिवस ठेवू. पुरुषांना रस्सीखेच आहेच, बायकांसाठी काहीतरी सोपं निवडा."

वही घेऊन मी तपासणी खात्यात गेलो. "मावशी, कोणता खेळ ठेवू?"

बाटलीवरची नजर न काढता ती म्हणाली, "सायबाला एक दिस हितं आमच्यासंगं उभं करा. भोंगा व्हईस्तवर. मंग बघा कसा एकोपा व्हतोय."

"चेष्टा नको, मावशी."

"चेष्टा न्हाई, भाऊ. तू इचारलंस म्हून सांगितलं. लिव्ह की वहीत."

मी लिहिलं नाही. त्या जागी 'संगीत खुर्ची' लिहिलं.

खेळांच्या दिवशी कचेरीतल्या पंधरा खुर्च्या मैदानात गोल मांडल्या. ग्रामोफोन लावला. तबकडी थांबताच बायका धावल्या आणि बसल्या. गुडघ्यांनी अधू झालेली यमुनाबाई तेवढी उभी राहिली.

"यमुनाबाई बाद!" मीच ओरडलो.

"कशाची बाद? हिकडं ये गं," म्हणून मावशीने सरकून तिला आपल्या खुर्चीवर ओढून घेतलं.

लोक हसले. पुन्हा तबकडी सुरू झाली. मावशी उठली नाही. तिच्याकडे बघून दुसरी उठली नाही, तिसरी नाही. गाणं वाजत राहिलं आणि सोळाजणी बसून राहिल्या.

मी धावत गेलो. "मावशी, उठा. साहेब बघतायत."

"बघू दे." तिने यमुनाबाईला आणखी जवळ ओढलं. "वरीसभर उभं केलंत, तवा खुर्ची न्हवती. आज पंधरा निघाल्या? आन् त्याबी आमाला पळवायला? ह्यो खेळ कुनी काढला?"

मॅनेजर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी फाटकावर मी तिला पत्र दिलं. शिस्तभंग, कामावरून कमी. तिला वाचता येत नव्हतं. तिने ते माझ्यापुढे धरलं. मी वाचून दाखवलं.

"हे तू लिवलंस?"

"मावशी, हे टाइपच्या मशीनवर लिहितात."

"मशीनवर बोटं कुनाची व्हती?"

ती गेली. मी कचेरीत येऊन बसलो, खुर्चीवर. कपाटात कायद्याचं पुस्तक होतं. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी, हे त्यात स्पष्ट छापलं होतं. दोन वर्षं ते पुस्तक माझ्याच ताब्यात होतं. मॅनेजरांचा राग यायचा तो आलाच, पण मला स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावंसं वाटलं. त्याच दिवशी मी कारखाने तपासणाऱ्या सरकारी कचेरीला पत्र लिहिलं. हाताने, खाली सही करून.

दोन महिन्यांनी अधिकारी आला आणि तपासणी खात्यात लाकडी बाकं आली. माझी बदली गोदामात झाली.

बाकं आल्याचं सांगायला मी पिंपळे गुरवला गेलो. मावशी अंगणात ज्वारी पाखडत होती. मी सगळं सांगितलं. सुपातली नजर तिने वर केली नाही.

"यमुनाबाई बसती का?"

"हो, मावशी."

"बरं झालं." मग म्हणाली, "आन् माझ्या जागंवर कोन बसतंय?"

नवी बाई घेतली होती.

आपल्याकडे दारात वैरी आला तरी त्याला आधी 'बस' म्हणतात. मावशीने ते म्हटलं नाही. मी अंगणात तसाच उभा राहिलो, ती पाखडत राहिली, आणि जरा वेळाने मी निघालो.